वाटाड्या आणि वाट : पहिल्या एल्क-शिकारीचा प्रश्न

अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत एल्कची पहिली शिकार करू पाहणाऱ्या माणसापुढे बंदूक उचलण्यापूर्वीच एक प्रश्न उभा राहतो. तिकडे ज्याला ‘आउटफिटर’ म्हणतात अशा व्यावसायिकाला पैसे मोजून सारी मोहीम त्याच्या हाती सोपवावी, की परवाना, नकाशा, तंबू, शिधा आणि पायपीट यांचा सगळा भार आपल्याच खांद्यावर घ्यावा? वरवर पाहता हा हिशेबाचा प्रश्न आहे. ज्याच्याकडे पैसा आहे आणि वेळ नाही त्याने पहिली वाट धरावी, ज्याच्याकडे वेळ आहे आणि पैसा नाही त्याने दुसरी, असे उत्तर सर्रास दिलेही जाते. आमच्या मते ते अपुरे आहे. मोहीम कोणाची, निर्णय कोणाचा आणि चूक झाली तर तिचे मोल कोणी द्यायचे, हे प्रश्न त्यात सुटलेले नसतात. नुसते झाकले जातात.

असा विषय मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांपुढे आणि अध्यापकांपुढे का मांडावा, अशी शंका कोणी घेईल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीचे दार बंद केले आणि ते बंद झाले हे योग्यच झाले, असे आम्ही मानतो. तथापि शिकारकथा आपण वाचतो आणि शिकवतोही. संस्थानिकांच्या आणि गोऱ्या साहेबांच्या शिकारीची जुनी वर्णने डोळ्यांसमोर आणावीत. माग काढणारा माग काढतो, आमिष म्हणून रेडा बांधलेला असतो, मचाण आधीच तयार असते, हाकारे रान उठवतात. शेवटचा बार तेवढा साहेबाचा. आणि कथेतला ‘मी’ देखील साहेबच. अनुभव अनेकांचा आणि निवेदन एकाचे, हा पेच ज्याने वाङ्मयात ओळखला आहे त्याला रॉकी पर्वतातला हा प्रश्न परका वाटू नये.

प्रथम त्या प्राण्याविषयी. एल्क हा आपल्या सांबराच्या कुळातला, पण त्याहून थोराड. (युरोपात हेच नाव ‘मूस’ या निराळ्या प्राण्याला आहे, तो घोळ येथे टाळावा.) रॉकी पर्वतातील पूर्ण वाढलेला नर सुमारे ३०० किलो वजनाचा भरतो, मादी सव्वादोनशेच्या आसपास. सप्टेंबरात माजावर आलेला नर शिटीसारखी उंच चढत जाणारी हाक घालतो, ती दरीत दूरवर घुमते. बाजारात मांस आणि कातडी विकण्यासाठी झालेल्या बेसुमार कत्तलीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्राणी बहुतेक प्रदेशांतून नाहीसा झाला होता. पुढे कायदे झाले, राखीव क्षेत्रे झाली. वायोमिंगमधील जॅक्सन येथे १९१२ मध्ये खास एल्कसाठी अभयस्थान निर्माण झाले. १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या संवर्धनाकडे वळवला. आज एकट्या कोलोराडोत सुमारे पावणेतीन लाखांहून अधिक एल्क आहेत आणि कोणत्याही राज्यातली ही सर्वांत मोठी संख्या आहे. हे प्राणी कोणा जमीनदाराचे नाहीत, ते समाजाचे आहेत, असे तेथील कायदा मानतो. ज्या रानांत ते हिंडतात त्यांतली पुष्कळशी सरकारी, म्हणजे सार्वजनिक आहेत. पुढील सर्व विवेचन या दोन गोष्टी लक्षात ठेवून वाचावे.

आता आउटफिटर काय देतो ते पाहू. त्याच्याकडे राज्याची नोंदणी वा परवाना असतो, सरकारी रानात धंदा करण्याची वेगळी परवानगी असते, घोडे आणि खेचरे असतात, हाताखाली वाटाडे आणि आचारी असतात. संपूर्ण सेवेत पाहुण्याला डोंगरात नेणे, राहू-खाऊ घालणे, सावज शोधणे, त्याच्या जवळ नेऊन उभे करणे आणि नंतर मांस सोलून, तोडून खाली आणणे इतके सारे येते. परवान्याचे शुल्क वेगळे. कोलोराडोत परराज्यातील माणसाला एल्कच्या परवान्यासाठीच आठशे डॉलरांहून अधिक मोजावे लागतात. सेवेचा दर कित्येक हजार डॉलरांचा असतो. तिसरा, मधला प्रकारही आहे. त्याला ‘ड्रॉप कॅम्प’ म्हणतात. आउटफिटर घोड्यांवरून रानात तंबूपर्यंत पोहोचवतो, चूल आणि सामान देतो आणि परत जातो. पुढची शिकार ज्याची त्याने करायची. या मधल्या प्रकाराकडे आम्ही पुढे पुन्हा वळणार आहोत.

आउटफिटरच्या बाजूने जे बोलले जाते ते पोकळ नाही. कोलोराडोत साऱ्या हंगामांचा मिळून हिशेब केला तर साधारणपणे पाचांतल्या एकाच शिकाऱ्याच्या हाती एल्क लागतो. सखल प्रदेशातून आलेला माणूस तीन हजार मीटर उंचीवर पहिले दोन दिवस धाप टाकण्यात घालवतो. ऑक्टोबरात एका रात्रीत गुडघाभर बर्फ पडू शकते. वाऱ्याची गोष्ट तर ग्रंथांतून कळत नाही. पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते, ऊन चढले की तीच हवा उलटून वर जाऊ लागते. हे न ओळखणाऱ्याचा वास एल्कला त्याच्या आधी पोहोचतो आणि कळप डोंगर ओलांडून निघून जातो. ज्याच्या पायांखाली ते रान वीस वर्षे आहे त्याला हे सारे ठाऊक असते. अशा माणसाच्या ज्ञानाला मोल आहे आणि त्याने ते मागितले तर त्यात गैर काही नाही. गुडघे वा हृदय अधू असलेल्या, वयाने थकलेल्या माणसाला तर दुसरा मार्गच नसतो. त्यांच्याविषयी आमचा काही वाद नाही.

वाद आहे तो धडधाकट नवशिक्याला सरसकट दिल्या जाणाऱ्या सल्ल्याविषयी. ‘पहिल्यांदा आउटफिटरबरोबर जा, शिकून घे, मग पुढच्या वेळी स्वतः जा’, असा तो सल्ला आहे. यात एक गृहीत दडलेले आहे. वाटाड्यामागून चालणारा माणूस वाट शिकतो, हे ते गृहीत. आपल्या वर्गांत ‘गाइड’ हा शब्द कोणत्या अर्थाने चालतो हे वाचकांना सांगायला नको. कादंबरी न उघडता गाइड वाचून परीक्षा देणारा विद्यार्थी उत्तीर्ण होतो, कधी चांगल्या गुणांनी होतो. पण पुढच्या वर्षी नवी कादंबरी हाती आली की तो पुन्हा गाइडच शोधतो. उत्तरे त्याच्यापर्यंत पोहोचलेली असतात. ती उत्तरे ज्या शंकांतून आणि चुकलेल्या वाचनांतून निघाली, त्या शंका त्याच्या वाट्याला आलेल्याच नसतात. पाच दिवसांच्या व्यावसायिक शिकारीतही हेच घडते. आज या दरीत न जाता त्या सोंडेवर का जायचे, हा निर्णय वाटाड्याने पहाटे चारला, चहा पिता पिता, मनातल्या मनात घेतलेला असतो. पाहुण्याला फक्त त्याची पाठ दिसते.

अर्नेस्ट हेमिंग्वेची फ्रान्सिस मॅकोम्बरवरची कथा (१९३६) आफ्रिकेतली आहे, पण या नात्याचे तिच्याइतके निर्दय चित्रण क्वचितच सापडेल. रॉबर्ट विल्सन हा भाडोत्री शिकारी. मॅकोम्बर सिंहाला जखमी करतो आणि ऐनवेळी पळ काढतो. जखमी सिंहाला संपवण्याचे काम विल्सनला करावे लागते. वाचकाचे लक्ष साहजिकच मॅकोम्बरच्या भित्रेपणाकडे जाते. आम्ही मात्र विद्यार्थ्यांचे लक्ष विल्सनकडे वेधू. रानरेड्यांचा मोटारीतून पाठलाग होतो, तो नियमाबाहेरचा आहे, आणि ही गोष्ट बाहेर फुटली तर आपला परवाना जाईल हे विल्सन जाणतो. तो शूर आहे, कसबी आहे, आणि तरीही पाहुण्याच्या पैशाशी बांधलेला आहे. पाहुण्याला हवे ते घडवून आणणे हा त्याचा धंदा आहे. आजचा नोंदणीकृत आउटफिटर नियम पाळणारा असतो, असेच आम्ही धरून चालतो. तरी आठवडाअखेर पाहुणा रिकाम्या हाताने परतू नये हा ताण त्याच्यावर असतोच. जाहिरातीतले यशाचे आकडे याच ताणातून येतात. ते वाचताना प्रत्यक्ष हाती लागलेली शिकार मोजली आहे की नुसती बार टाकण्याची ‘संधी’, हे नवशिक्याने जरूर विचारावे.

येथे एक गंभीर आक्षेप येतो आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. वाचनात चूक झाली तर विद्यार्थ्याचे गुण जातात. रानात चूक झाली तर तिचे मोल एल्क देतो. चुकीच्या अंतरावरून टाकलेला बार पोटात बसला तर प्राणी मैलोगणती जातो आणि तडफडून मरतो. मग नवशिक्याच्या शिक्षणासाठी मुक्या जिवाने किंमत का मोजावी? या आक्षेपापुढे आम्ही थबकतो. पण त्याचे उत्तर आउटफिटर हे आहे काय? चाप ओढणारे बोट दोन्ही वाटांवर त्याच माणसाचे असते. नेमबाजीचा सराव, स्वतःच्या पल्ल्याची मर्यादा आणि हात कापतो तेव्हा बंदूक खाली ठेवण्याचे भान या तिन्ही गोष्टी कोणाला भाड्याने घेता येत नाहीत. उलट शेजारी उभा असलेला वाटाडा जेव्हा कुजबुजतो की आता, हीच वेळ, तेव्हा हजारो डॉलर मोजून आलेल्या नवशिक्याला नाही म्हणणे अवघड जाते. एकट्याने ठरवून आलेल्याला थांबणे त्यामानाने सोपे असते. त्याला कोणाला उत्तर द्यायचे नसते, म्हणूनच सगळे उत्तर स्वतःला द्यायचे असते.

दुसरी चूक मांसाची. अनुभवी लोक तिला पहिलीइतकीच गंभीर मानतात. मोठ्या एल्कचे हाडे काढलेले मांस ऐंशी ते शंभर किलो भरू शकते. ते पाठीवरून आणायचे तर चार-पाच खेपा होतात आणि सप्टेंबरातल्या उबदार दुपारी कातडे चटकन उतरवले नाही, मांस सावलीत वाऱ्यावर टांगले नाही, तर हाडाजवळून ते बिघडू लागते. कोलोराडोत खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा गुन्हा आहे. यातून स्वतःच्या बळावर जाणाऱ्यासाठी एक साधा नियम निघतो. जेथून मांस वेळेत खाली आणता येईल तेथवरच शिकार करावी. त्यापुढे एल्क दिसला तर तो पाहावा, आणि परतावे. हा नियम पाळणारा नवशिक्या रस्त्यापासून दोन-तीन किलोमीटरांत राहील, बहुधा रिकाम्या हाताने परतेल, आणि तरीही त्याची पहिली शिकार वाया गेली असे आम्ही म्हणणार नाही.

विल्यम फॉकनरच्या ‘गो डाउन, मोझेस’ (१९४२) मधील ‘द बेअर’ या दीर्घ कथेत या प्रश्नाला तिसरी बाजू मिळते. आयझॅक हा मुलगा सॅम फादर्स या वृद्धाच्या हाताखाली रान शिकतो. त्या प्रचंड जुन्या अस्वलाचे दर्शन व्हावे म्हणून तो आधी बंदूक मागे ठेवतो. तेवढ्याने भागत नाही तेव्हा घड्याळ आणि होकायंत्र झुडपावर टांगून पुढे जातो. पुढे अस्वल अगदी जवळ असताना तो बार टाकत नाही. सॅम हा वाटाडा आहेच. पण त्याच्या-मुलाच्या नात्यात आठवड्याचा दर नाही. तो वर्षानुवर्षे शिकवतो, मुलाला चुकू देतो आणि एका टप्प्यावर बाजूला होतो. मुलाने शेवटी काय मारले यावर त्याचे काही अवलंबून नाही. गुरू आणि सेवा पुरवणारा यांच्यातला फरक तो हाच. फॉकनरने हे चित्र उदात्त करून रंगवले आहे हे मान्य. तरी त्यातला भेद खरा आहे. आउटफिटर नको याचा अर्थ कोणीच नको असा होत नाही. सोबत एखादा जाणता स्नेही, शेजारी, चुलता असावा. त्याने सारे काही सांगावे. निर्णय तेवढा घेऊ नये.

गंमत अशी की वायोमिंगच्या कायद्यालाही हा भेद ठाऊक आहे. संघराज्याने ‘वाइल्डरनेस’ म्हणून घोषित केलेल्या रानांत परराज्यातील माणसाला एल्कची शिकार परवानाधारक वाटाड्याखेरीज करता येत नाही. अपवाद एकच, राज्याचा एखादा रहिवासी रीतसर, विनामोबदला परवाना काढून सोबत असला पाहिजे. स्नेह्याची जागा कायद्याने अशी राखली, हे चांगले. पण तोच परराज्यातील माणूस त्याच रानात एकटा आठवडाभर भटकू शकतो, मासे पकडू शकतो, बर्फात तंबू ठोकू शकतो. तेव्हा वाटाड्याची सक्ती सुरक्षिततेसाठी आहे हा युक्तिवाद आम्हांला पटत नाही. न्यू मेक्सिकोत सोडतीतले ८४ टक्के परवाने रहिवाशांना, १० टक्के आउटफिटरशी करार केलेल्यांना आणि उरलेले ६ टक्के असा करार न केलेल्या परराज्यातील लोकांना अशी वाटणी आहे. कोलोराडोत २०२४ पर्यंत परराज्यातील धनुर्धारी शिकाऱ्याला बऱ्याच विभागांत सोडतीविना थेट परवाना मिळे; २०२५ पासून तोही सोडतीत गेला. या शेवटच्या बदलामागे गर्दीचे वाजवी कारण आहे. तरीही एकूण कल पाहता, स्वतः वाट शोधणाऱ्याची वाट अरुंद होत चालली आहे.

अशा वेळी वायोमिंगमधील एल्क माउंटन प्रकरण आठवावे. १८६२ च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना लोहमार्गालगत एकाआड एक चौरस जमिनी दिल्या. परिणामी आजही नकाशावर खासगी आणि सार्वजनिक जमिनींचा बुद्धिबळाचा पट दिसतो. पटावरचा उंट काळ्या घरातून काळ्या घरात कोपऱ्यावरून जातो. माणसाने तसे जावे की नाही, हा वाद होता. २०२१ मध्ये मिसूरीहून स्वतःच्या बळावर आलेल्या चार शिकाऱ्यांनी अशा कोपऱ्यावर शिडी उभी केली आणि खासगी जमिनीला पाय न लावता एका सार्वजनिक चौरसातून दुसऱ्यात उतरले. त्यांच्यावर खटला झाला. २०२२ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले. जमीनमालकाच्या दिवाणी दाव्यातही २०२३ मध्ये आणि मग मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयात निकाल शिकाऱ्यांच्या बाजूने लागला. त्यांनी काय मारले हे आम्हांला महत्त्वाचे वाटत नाही. नकाशा स्वतः वाचणाऱ्यांनी एक नागरी हक्क उजेडात आणला, ही गोष्ट मोठी. ज्याला सगळे तयार मिळते तो नकाशाच्या कोपऱ्यापाशी सहसा अडत नाही, आणि जो अडत नाही त्याला प्रश्नही पडत नाही.

तेव्हा आमचे मत असे. धडधाकट नवशिक्याने पहिली एल्क-शिकार स्वतः आखावी, मात्र लहान आखावी. सोडतीचा अर्ज कोलोराडोत एप्रिलच्या सुरुवातीलाच द्यावा लागतो, म्हणजे तयारी हिवाळ्यात सुरू होते. तो काळ नकाशे वाचण्यात आणि जाणत्यांना विचारण्यात घालवावा. मोठ्या शिंगांचा मोह सोडून मादीचा परवाना मिळाला तर तो घ्यावा. उन्हाळ्यात एकदा बंदुकीविना ते रान पायांखाली घालावे. सोबतीला एक जाणता असावा. मांस वाहून आणण्यासाठी खेचरे लागणार असतील तर ती आधी ठरवावीत. त्यात कमीपणा नाही. मधला मार्ग हवा असेल तर ड्रॉप कॅम्प घ्यावा, कारण तेथे आउटफिटर आपले ओझे वाहतो, आपला निर्णय वाहत नाही. संपूर्ण सेवा घ्यायची असेल तर ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी घ्यावी. तोवर पाहुण्याला निदान एवढे कळू लागलेले असते की पुढे चालणारा माणूस मध्येच का थांबला, वाऱ्यावर धूळ का उडवून पाहिली, आणि दिसत असलेला कळप सोडून मागे का फिरला. गाइड हाती घ्यावेच लागले, तर ते मूळ पुस्तक एकदा स्वतः वाचून झाल्यावर घ्यावे, असे आपण वर्गात सांगतो. रानातही आमचे सांगणे त्याहून वेगळे नाही.